कागदाचं प्रूफ, मॅपचं प्रूफ

पुण्यात छोट्या धंद्याची जाहिरात कशी जन्माला येते हे पाहायचं असेल, तर नारायण पेठेतल्या किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या डीटीपीवाल्याच्या खुर्चीमागे उभं राहावं. खुर्चीमागेच, कारण गिऱ्हाईक कधी बसत नाही. ते मागे उभं राहून पडद्यावर बोट रोखतं आणि म्हणतं, “हे जरा मोठं करा.” नाव मोठं, फोन मोठा, देवीचं चित्र मोठं. डीटीपीवाला निमूटपणे सगळं मोठं करतो आणि मग कागद तेवढाच असल्याचं दाखवून देतो.

कोथरूडमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. मुख्य रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांनी मोठा गाळा घेतला, संध्याकाळचीही वेळ सुरू केली. नेहमीची गिऱ्हाइकं येत होती, नवी येत नव्हती. मुद्रितशोधनात माझी बरीच वर्षं गेलेली, म्हणून पॅम्प्लेट वाचून द्यायला त्यांनी मला सोबत नेलं. पुढे त्यांचं व्हॉट्सअॅप आणि गूगल मॅपवरचं खातं लावतानाही मी शेजारी बसून होतो. दोन्ही कामं लागोपाठ पाहिल्यामुळे एक गोष्ट ठळकपणे दिसली, तीच इथे मांडतो.

ताईंनी मजकूर दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणला होता. पोळी, फुलका, ज्वारीची भाकरी, दोन भाज्या, आमटी, एकादशीची साबुदाणा खिचडी, प्रत्येकाचा दर, ‘घरगुती चव’, ‘एकदा अवश्य भेट द्या’, दोन मोबाईल नंबर, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. डीटीपीवाल्या मुलाने तो कागद नीट वाचला आणि विचारलं, “ताई, दर किती दिवस टिकतील?” तेलाचा डबा आणि सिलिंडर यांचं नाव निघाल्यावर दर आपोआप गळले. “दोन्ही नंबर उचलता का?” दुसरा नंबर मुलाचा होता आणि मुलगा नोकरीला बंगळुरूत. तोही गळला. बदलणारं कागदावर घालायचं नाही, ते फोनवर ठेवायचं, हा नियम तो मुलगा कुठल्या अभ्यासक्रमात शिकला नव्हता. जुन्या दरांचे गठ्ठे रद्दीत गेलेले पाहून तो शिकला होता.

मग आकार ठरला. आपल्याकडे अजून मापं डेमीतच चालतात. डेमीचा ताव १८ बाय २३ इंचांचा, त्याचे आठ भाग केले की पुस्तकाच्या पानाएवढा तुकडा मिळतो. पॅम्प्लेटला तेवढा पुरतो. रंगीत छपाई म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाई आणि चार अॅल्युमिनियमच्या प्लेटा. मशीनवर प्लेट चढवली की लगेच छपाई सुरू होत नाही. पाणी आणि शाई यांचं प्रमाण जमेपर्यंत, चारही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत ताव वाया जातात. रंगांची ही जुळणी, म्हणजे रजिस्टर, जरासं हललं तरी अक्षरांना रंगीत सावली येते. मशीनवरचे काका भिंगातून कोपऱ्यातल्या फुल्या पाहतात, कळ किंचित फिरवतात, पुन्हा ताव काढतात.

खर्चाचं गणितही इथेच आहे. प्लेटा आणि ही जुळवाजुळव यांचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच पाच हजारांना. त्यापुढे वाढतो तो मुख्यतः कागद. म्हणून प्रेसवाला हमखास म्हणतो, “हजाराऐवजी दोन हजार घ्या, फार फरक नाही पडणार.” त्याचं म्हणणं खरं असतं, पण अर्धंच. जास्तीचे हजार वाटायलाही पैसे लागतात आणि वाटले नाहीत तर ते माळ्यावर पडून जुने होतात. ताईंनी आधी मोजलं की पोळ्या घ्यायला माणूस किती लांबून चालत येईल. तेवढ्या टापूतल्या सोसायट्या आणि वसतिगृहं धरून आकडा काढला आणि मग प्रती सांगितल्या. बहुतेक गिऱ्हाइकं हे गणित उलट्या टोकाकडून करतात.

फोनवर काढलेला थाळीचा फोटो पडद्यावर झगझगत होता. प्रूफवर मेथी काळपट आली. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद पडलेला उजेड परत देतो. फोनवरचा हिरवा रंग चार शाईंच्या आवाक्यात बसतोच असं नाही. मुलाने फोटो उजळला, पार्श्वभूमी काढली, पण हेही सांगून ठेवलं की कागदावर फोनसारखं दिसणार नाही.

मग माझं काम आलं. प्रूफ डोळ्यांनी वाचलं तर डोळा जे असायला हवं तेच वाचतो. म्हणून फोन नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं आणि शेवटी प्रूफवरून पाहून तो नंबर खरोखर लावायचा. ताईंच्या पिशवीतला फोन वाजला, तेव्हा कुठे तो नंबर मंजूर झाला. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ आणि जोडाक्षरं फॉन्ट बदलताना फुटतात, ती पाहिली. वार, वेळ, पत्त्यातली खूण पाहिली. मग ताईंनी प्रूफवर ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून सही केली, तारीख घातली. त्या सहीनंतर चूक निघाली तर खर्च गिऱ्हाइकाचा, सहीप्रमाणे छापलं गेलं नाही तर प्रेसचा. खालच्या कोपऱ्यात बारीक टायपात मुद्रकाचं नाव गेलं. छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण हवंच, असं १८६७च्या कायद्याने बजावलं होतं. त्या कायद्याच्या जागी आता नवा कायदा आला, पण छापलेल्या शब्दाला कोणीतरी जबाबदार असतं ही समज प्रेसमध्ये अजून टिकून आहे.

पॅम्प्लेट घरात जातं ते वर्तमानपत्राच्या घडीतून. पहाट व्हायच्या आत विक्रेते फुटपाथवर गठ्ठे सोडून बसतात. मुख्य अंकात पुरवणी सरकवायची, पुरवणीत पॅम्प्लेट. हात इतके सराईत की बोलणं थांबत नाही. पैसे प्रतींच्या हिशेबाने ठरतात. खरी निवड लाइनची असते, म्हणजे कोणता मुलगा कोणत्या सोसायट्यांत अंक टाकतो याची. तिथल्या एका काकांनी ताईंना रविवार टाळायला सांगितलं. “रविवारी चार-पाच कागद निघतात पेपरातून. सगळे एकदम रद्दीत. मंगळवारी टाका, एकटाच दिसेल.” त्यांनी पाऊस पाहून दिवस पुढे ढकलण्याचीही तयारी ठेवायला सांगितली, कारण ओला कागद कोणी उलगडत नाही. जाहिरातशास्त्र म्हणून जे शिकवतात, त्यातलं बरंच त्या फुटपाथवर ऐकायला मिळतं.

इथपर्यंत पाच-सहा माणसांनी तो मजकूर पाहिला, तपासला, त्याच्यावर सही झाली. आता त्याच मजकुराचा ऑनलाइन प्रवास पाहा.

ताईंनी डीटीपीवाल्याकडून फाइल मागितली आणि त्यातला मजकूर व्हॉट्सअॅपवर चिकटवला. दिसली ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. कागदावर ‘पोळी’ छापली जाते, पण संगणकाच्या लेखी ती पोळी नसतेच. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही फोनवर वाचता येतो आणि शोधताही येतो. छापील कामासाठी केलेली मराठी ऑनलाइन न्यायची तर आधी रूपांतर करावं लागतं, नाहीतर पुन्हा टाइप करावी लागते. पुष्कळ दुकानदार हा त्रास वाचवायला पॅम्प्लेटचं चित्रच सगळीकडे टाकतात. मग त्यातला पत्ता कॉपी होत नाही, फोन नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही.

पॅम्प्लेटवर क्यूआर कोडही छापला होता. त्यासाठी एका मोफत सेवेने ‘कधीही बदलता येणारा’ कोड देऊ केला होता. असा कोड आधी त्या सेवेच्या पत्त्यावर जातो, तिथून आपल्याकडे. चाचणीची मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर मधला दुवा तुटतो आणि घरोघरी गेलेला कागद मुका होतो. म्हणून थेट व्हॉट्सअॅपवर उघडणारा साधा कोड घेतला, फक्त काळ्या शाईत छापला आणि भोवती पांढरी जागा सोडली. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने वाहनांच्या सुट्या भागांसाठी काढला, पण आपल्याकडे तो दिसला की माणसाला पैसे द्यायचे आहेत असंच वाटतं. ताईंच्या बहिणीने प्रूफ पाहून पहिला प्रश्न हाच विचारला, “आधीच पैसे घेता का?” शेजारी ‘आजचा मेनू पाहण्यासाठी’ एवढे शब्द घातले, तेव्हा त्या कोडाला अर्थ आला.

व्हॉट्सअॅपचा एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच पोचतो. नंबर नुसते गोळा करून उपयोग नाही, समोरच्याने तुम्हाला साठवून ठेवायला हवं. म्हणून पार्सलच्या पिशवीत जाणाऱ्या छोट्या कार्डावर ताईंनी ‘नंबर सेव्ह करा, रोजचा मेनू मिळेल’ असं छापून घेतलं. छापील कार्डाला इथे नवं काम मिळालं.

गूगल मॅपवरचं खातं फुकट असतं. ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर दुकान मॅपवरून निघेल’ असे फोन येतात, ते खोटे असतात. पडताळणीला ताईंना व्हिडिओ काढावा लागला: गल्ली, दुकानाची पाटी, शटर उघडणं, आत शेगडी आणि पोळपाट. पाटीवरचं नाव आणि खात्यातलं नाव सारखं असावं लागतं. महाराष्ट्रात पाटी देवनागरी मराठीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. खात्यात मात्र कुणीतरी सुचवलेलं ‘कोथरूडमधील सर्वोत्तम’ असं शेपूट इंग्रजीत लावायचं चाललं होतं. गूगलच्या नियमात ते बसत नाही, खातं स्थगितही होऊ शकतं. शोधात वर येण्यासाठी गूगल तीन गोष्टी सांगतं: विचारलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि ठळकपणा. अंतर आपल्या हातात नाही. मेळ साधायला योग्य वर्ग निवडायचा, माहितीत ‘पोळी’ आणि ‘चपाती’ दोन्ही लिहायचं, पदार्थांची यादी भरायची. ठळकपणा येतो तो अभिप्राय, फोटो आणि इतर ठिकाणी होणारे उल्लेख यांतून. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत द्यायला गूगलची बंदी आहे. सांगितल्यावर लिहितात ती नेहमीची मंडळी, तेवढी पुरतात.

सगळं भरून झालं आणि ‘जतन करा’वर बोट गेलं. प्रूफ नाही, सही नाही. “चुकलं तर बदलता येतं,” असं म्हणत सगळे उठले. नंतर नकाशावरची टाचणी मागच्या गल्लीत निघाली. पुढे संध्याकाळची वेळ नऊऐवजी दहा दिसू लागली. मॅपवर कोणीही बदल सुचवू शकतो आणि तो मान्यही होऊ शकतो. साडेनऊला येऊन बंद शटर पाहिलेल्या माणसाने एक तारा दिला. पोळ्यांबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती.

छापलेलं बदलता येत नाही, म्हणून छापण्याआधी माणसं डोळ्यांत तेल घालून तपासतात. ऑनलाइन केव्हाही बदलता येतं, म्हणून कोणीच तपासत नाही. परिणाम उलटाच होतो. पॅम्प्लेटमधली चूक आठवडाभरात रद्दीत जाते, मॅपवरची चूक रोज नव्या माणसाला रस्ता दाखवत राहते. छोट्या धंद्याला ऑनलाइन जायला वेगळी तंत्रं लागतात हे खरं, पण त्याआधी लागते ती छापखान्यातली शिस्त.

आता ताईंच्या गल्ल्याशेजारी एक वही असते. नव्या गिऱ्हाइकाला “कुठून कळलं?” असं विचारून उत्तर त्यात टिपतात. ‘पेपरातला कागद पाहिला होता, मग मॅपवर शोधलं’ असं उत्तर वरचेवर येतं. कागदाने नाव कानावर घातलं, भूक लागल्यावर फोनने गल्ली दाखवली. दोन्हीकडे नाव, नंबर आणि वेळ तीच असेल तरच ही साखळी जुळते.

त्याच वहीत दर महिन्याच्या एक तारखेला एक नोंद असते. दुकानाशी संबंध नसलेल्या कोणाच्या तरी फोनवर मॅपवरचं खातं उघडायचं, नंबर मोठ्याने वाचून लावायचा, वेळ ताडायची, टाचणीवर रस्ता काढून पाहायचा, येत्या सणाच्या सुट्ट्या भरायच्या. झालं की खाली तारीख घालून लिहायचं: ‘छापण्यास हरकत नाही.’ हे काम ताईंनी दुपारच्या पोळ्या लाटणाऱ्या मुलीकडे सोपवलं आहे, आणि सही तिची असते.