बर्लिनमधील हुतुतू : एका विधानाचा खुलासा

वऱ्हाडच्या क्रीडापरंपरेविषयी लिहिताना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हुतुतूचा समावेश झाला होता, असे विधान वारंवार केले जाते. विधान निराधार नाही. परंतु त्यातील ‘समावेश’ हा शब्द तपासून घ्यावयास हवा.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत व अनंतराव यांनी, १९१४ मध्ये स्थापन केले. आखाड्यातील व्यायामाला शिक्षणाची शिस्त द्यावी, ही त्यामागील दृष्टी होती. या मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेले आणि तेथे त्याने हुतुतू व अन्य देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मात्र त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोनच होते : बेसबॉल आणि ग्लायडिंग. अर्थात हुतुतू ऑलिंपिकच्या वेळी, ऑलिंपिकच्या नगरीत खेळला गेला. ऑलिंपिकच्या कार्यक्रमपत्रिकेत तो नव्हता.

याने अमरावतीकरांच्या कर्तृत्वास उणेपणा येत नाही. याच सुमारास अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलची काय गत झाली, ते पाहण्यासारखे आहे. हा खेळ तेथील महाविद्यालयांच्या मैदानांवरच वाढला. १८६९ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात त्याचा पहिला सामना झाला, तेव्हा प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते आणि खेळाचे रूप आजच्याहून अगदी निराळे होते. येल महाविद्यालयाचा खेळाडू वॉल्टर कॅम्प याच्या आग्रहाने १८८० मध्ये गड्यांची संख्या अकरावर आली आणि चेंडू कोणाच्या ताब्यात आहे, हे स्पष्ट करणारी रचना रूढ झाली. अशा रीतीने नियमबद्ध झालेला हा धनाढ्य खेळ १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे प्रदर्शित झाला. पूर्वेकडील व पश्चिमेकडील विद्यापीठांच्या खेळाडूंचा सामना झाला व पश्चिमेने तो ७-६ असा जिंकला. तरीही त्याला पुढे ऑलिंपिकमध्ये पदकाचा दर्जा मिळाला नाही. उघडच आहे, दोन्ही संघ एकाच देशाचे असतील, तर जगाने स्पर्धा करावी कोणाशी?

हुतुतूपुढे हीच अडचण होती आणि आणखीही एक होती. बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत व्हावा, की डाव संपेपर्यंत बाहेर बसावा, की बाहेर न जाता केवळ गुण मोजावा, याविषयी ठिकठिकाणी निरनिराळे प्रघात होते. एका गावचा पटाईत गडी दुसऱ्या गावी गोंधळून जावा, अशी ही स्थिती. म्हणून दम, चढाई व मधली रेषा यांविषयीचे नियम एकसारखे करण्याचे काम प्रात्यक्षिकांइतकेच महत्त्वाचे होते, किंबहुना अधिक. त्याची वाहवा मात्र क्वचितच होते. कबड्डी या नावाने हा खेळ १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत प्रदर्शनार्थ आला. १९९० मध्ये बीजिंग येथे तो पदकाचा खेळ झाला आणि भारताने त्यात सुवर्णपदक मिळविले.