सातांतील जागा

पावसाळा सरतो, इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांतील भातकापणी उरकते आणि लोणावळ्यापासून वडगावपर्यंत मावळातील गावांत कबड्डीची मैदाने सजू लागतात. चुन्याच्या रेघा आखल्या जातात. दिवस कलू लागला की चढाई करणाऱ्या गड्याचा घोष दूरवर ऐकू येतो. मैदानात सात गडी लढत असतात आणि कडेला पाच गडी बसलेले असतात. प्रेक्षकांची दृष्टी त्या सातांवर खिळलेली असते. परंतु कडेला बसलेल्या पाचांनीही तितकाच घाम गाळलेला असतो. मग सातांत कोण आणि पाचांत कोण, हे ठरते कसे?

कबड्डीच्या संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू असतात. त्यांपैकी सात मैदानात उतरतात. उरलेले राखीव असतात. या सातांतही सर्वांचे काम एक नसते. काहींनी चढाई करावयाची, काहींनी कोपरे सांभाळावयाचे, तर काहींनी मधली फळी राखावयाची. चढाई करणाऱ्यास टाळ्या अधिक मिळतात. म्हणून पुष्कळ मुलांना चढाईचा गडी व्हावेसे वाटते आणि त्या जागेसाठी चुरसही मोठी असते.

चढाई वाटते तितकी सोपी नाही. ‘कबड्डी’ हा शब्द अखंड उच्चारीत, एकाच दमात, प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावयाचे, गडी टिपावयाचा आणि मध्यरेषा गाठावयाची. दम तुटला की गडी बाद. पूर्वी दम टिकेल तितका वेळ चढाई चाले. आता तिला तीस सेकंदांची मर्यादा आहे. ज्या लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ‘कैवल्यधाम’ स्थापन करून योगातील श्वसनाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला, त्याच्याच परिसरातील मुले मैदानावर आपला दम असा रोज पारखून घेतात.

आता अशी कल्पना करा, की एका संघात चढाईची एकच जागा रिकामी आहे आणि तिच्यासाठी दोन मुले झटत आहेत. पहिला मोठा धाडसी. तो दहा चढायांत पाच गुण आणतो. परंतु पाच वेळा पकडलाही जातो. दुसरा सावध. तो दहा चढायांत तीनच गुण आणतो. पण पकडला जातो एकदाच. पाहणाऱ्यांना पहिलाच सरस वाटेल. परंतु हिशेब करून पाहा. गडी पकडला गेला की प्रतिपक्षास एक गुण मिळतो. म्हणजे पहिल्याने पाच मिळवून पाच गमावले, तर दुसऱ्याने संघाच्या पदरात निव्वळ दोन गुण टाकले. शिवाय बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि तेवढा वेळ संघ एका गड्याने दुबळा होतो.

मग दुसऱ्याचीच निवड व्हावी काय? नेहमीच नाही. संघ पिछाडीवर आहे आणि थोडीच मिनिटे उरली आहेत, अशा वेळी सावधपणा उपयोगी पडत नाही. तेथे धाडसी गडीच हवा. संघातील इतर चढाईवीर डाव्या बाजूने शिरणारे असतील, तर उजवीकडून शिरणाऱ्याचे मोल वाढते. ज्यास चढाईबरोबर कोपराही राखता येतो, त्याचे पारडे आणखी जड होते. सारांश, ‘सर्वांत चांगला कोण?’ एवढाच प्रश्न प्रशिक्षकापुढे नसतो. ‘या संघास आज कोणाची उणीव आहे?’ हेही त्यास पाहावे लागते.

या खेळाचा एक नियम तर फार मनोवेधक आहे. बाद झालेला गडी स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. त्याच्या सोबत्यांनी प्रतिपक्षाचा गडी बाद केला, म्हणजेच तो पुन्हा मैदानात येतो. आणि तोही ज्या क्रमाने गडी बाद झाले त्या क्रमाने. सकाळी ज्याच्याशी जागेसाठी स्पर्धा केली, त्याच्याच यशाने संध्याकाळी आपण जिवंत होतो! म्हणून सोबत्याचे अपयश चिंतणारा गडी आपल्याच परतीची वाट अडवीत असतो.

राखीव गड्याचे कामही कमी मोलाचे नाही. सरावात तोच प्रतिपक्ष होऊन उभा राहतो. त्याची पकड कच्ची असेल, तर सातांची चढाई पक्की होणार कशी? सामना चालू असताना त्याने प्रतिपक्षाच्या कोपऱ्यावरील गडी केव्हा पुढे झेपावतो, कोणाचा तोल कोठे जातो, हे टिपून ठेवावे. कोणाचा घोटा मुरगळला किंवा कोणी थकला, की पंचांच्या अनुमतीने राखीव गडी मैदानात येतो. त्या क्षणी सबब चालत नाही.

निवड करणाऱ्यावरही मोठी जबाबदारी असते. नात्याकडे किंवा ओळखीकडे पाहून जागा दिली गेली, तर एका मुलाचा अनेक महिन्यांचा घाम वाया जातो आणि संघाचा परस्परांवरील विश्वासही उडतो. जागा न मिळालेल्या मुलास ती का मिळाली नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. उणीव कळली, तर ती भरून काढता येते. नुसता नकार मात्र मनात सलत राहतो.

१९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. २०१० साली ग्वांगझू येथे महिलांची कबड्डीही त्या स्पर्धेत आली आणि तेथेही सुवर्ण भारतासच लाभले. तेथवर जाणारी वाट शाळेच्या मैदानावरून निघते आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत जाते. प्रत्येक पायरीवर जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असतात.

पुढच्या वेळी कबड्डीचा सामना पाहाल, तेव्हा क्षणभर कडेला बसलेल्या त्या पाचांकडेही पाहा. त्यांतील एखादा गुडघे आवळून, मैदानावरील प्रत्येक पाऊल डोळ्यांनी मोजीत असेल. त्याचे नाव अजून पुकारले गेलेले नाही. परंतु त्याचा खेळ केव्हाच सुरू झालेला आहे.