साधित वर्गातील नाम-आच्छादन

मराठी व्याकरणातील सिद्ध आणि साधित शब्दांचा भेद आपणांस परिचित आहे. सी प्लस प्लस या संगणकभाषेतही मूळ वर्गापासून साधित वर्ग तयार करता येतो व मूळ वर्गातील फंक्शने त्याला वारशाने मिळतात. मात्र वारशाने मिळालेले प्रत्येक फंक्शन नावाने हाक मारताच हाती येईल, असे समजू नये.

उदाहरणार्थ, ‘खाते’ या मूळ वर्गात ‘जमा’ नावाचे फंक्शन आहे. ते पूर्णांक स्वीकारते व ती रक्कम पैशांत धरते. पुढे कोणी ‘बचतखाते’ हा साधित वर्ग लिहिला आणि त्यात ‘जमा’ याच नावाचे, परंतु दशांश संख्या स्वीकारून ती रुपयांत मोजणारे फंक्शन घातले. आता बचतखात्यासाठी ‘जमा’ला 500 ही संख्या दिली तर काय होईल? 500 हा पूर्णांक असल्याने मूळ फंक्शन निवडले जाईल व पाच रुपये जमा होतील, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात कंपायलर 500 चे दशांश संख्येत रूपांतर करतो आणि पाचशे रुपये जमा होतात. चूक दाखवणारा संदेश येत नाही. रक्कम शंभरपट होते, तीही निमूटपणे.

असे का घडते? कंपायलर आधी नाव शोधतो आणि मग त्या नावाच्या फंक्शनांतून योग्य ते निवडतो. शोध साधित वर्गापासून सुरू होतो. तेथे नाव सापडले की शोध थांबतो. मूळ वर्गाकडे कंपायलर वळतच नाही. म्हणून तेथील अधिक जुळणारे फंक्शन निवडीच्या स्पर्धेत उतरतही नाही. यालाच नाम-आच्छादन म्हणतात. गंमत अशी की, तेच बचतखाते ‘खाते’ या प्रकाराच्या संदर्भातून हाताळले, तर शोध मूळ वर्गात सुरू होतो आणि त्याच 500 चे पाच रुपये होतात!

हा नियम विक्षिप्त वाटला, तरी निर्हेतुक नाही. मूळ वर्गाच्या लेखकाने उद्या ‘जमा’ नावाचे आणखी एक फंक्शन वाढवले, तर साधित वर्गावर विसंबून लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांचा अर्थ नकळत बदलू नये, ही त्यामागील दक्षता आहे. जावा भाषेने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे वारशाने आलेली फंक्शनेही निवडीत धरली जातात.

झाकलेले नाव पुन्हा दृष्टीस आणण्यासाठी साधित वर्गात ‘यूजिंग’ या शब्दाने ‘खाते’मधील ‘जमा’ची घोषणा करावी. मग 500 दिल्यास पैसे आणि 500.0 दिल्यास रुपये मोजले जातील. पण एका दशांशचिन्हावर रकमेचा अर्थ अवलंबून ठेवणे धोक्याचेच; आमच्या मते येथे ‘रुपयेजमा’ असे स्वतंत्र नाव देणे अधिक शहाणपणाचे.

आच्छादन आणि ओव्हरराइडिंग यांची गल्लत करू नये. ओव्हरराइडिंगमध्ये मूळ वर्गातील व्हर्च्युअल फंक्शनच्या जागी, तेच प्राचल असलेले नवे फंक्शन येते. प्राचलांचा प्रकार चुकून बदलला, तर जागा घेतली जात नाही, नाव मात्र झाकले जाते. 2011 च्या प्रमाणात आलेली ‘ओव्हरराइड’ ही खूण फंक्शनपुढे लिहिल्यास अशी चूक कंपायलर तत्काळ दाखवतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : बचतखात्यातील ‘जमा’ केवळ मजकूर स्वीकारत असते, तर 500 दिल्यावर काय झाले असते? ते अधिक सुरक्षित ठरले असते का? सकारण लिहा.