औषध दात्याच्या पोटातलं

दात्याची ताजी विष्ठा सलाइनमध्ये कालवायची, गाळून घ्यायची आणि नाकातून घातलेल्या नळीने रुग्णाच्या लहान आतड्यात सोडायची. वाचतानाच नाक मुरडलं असेल. पण महिनोन् महिने जुलाबांनी पिळून निघालेल्या माणसाला किळस परवडत नाही.

हा आजार ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील’ या जिवाणूचा, आणि बहुतेकदा तो औषधाचंच बोट धरून येतो. दुसऱ्याच कुठल्या दुखण्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारले जातात आणि डिफिसीलला रान मोकळं मिळतं. त्याच्या विषाने मोठं आतडं सुजतं; आजार बळावला तर रुग्ण दगावतोही. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकने जिवाणू मरतो, त्याचे बीजाणू मात्र तग धरतात. गोळ्या थांबल्या की काहींचे जुलाब पुन्हा सुरू. मग पुन्हा व्हँकोमायसिन, म्हणजे पुन्हा रान मोकळं!

१९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरचे सर्जन बेन आयझमन यांनी अशा लक्षणांचे चार रुग्ण विष्ठेच्या एनिमाने बरे केल्याचं लिहिलं. रोगामागचा जिवाणू तोवर ओळखलाही गेला नव्हता. उपाय पुढे अडगळीतच राहिला. २०१३ मध्ये आम्सटरडॅमच्या डॉक्टरांनी त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली: नळीवाटे विष्ठा दिलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नुसत्या व्हँकोमायसिनवरच्या १३ पैकी फक्त चौघे. फरक इतका ढळढळीत, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

यामागचं एक कारण पित्तात सापडतं. यकृतातून येणारी काही पित्ताम्लं डिफिसीलच्या बीजाणूंना उगवायला मदत करतात. निरोगी आतड्यातले जिवाणू त्यांचं रूप पालटतात, आणि ही पालटलेली आम्लं डिफिसीलची वाढ रोखतात. दात्याकडून येते ती ही यंत्रणा.

अर्थात दात्याच्या पोटातलं सगळंच भलं नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत, प्रतिकारशक्ती खालावलेला एक रुग्ण दात्याकडून आलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या ई. कोलायने दगावला. त्या विष्ठेची तशी तपासणीच झाली नव्हती. घरगुती प्रयोग करू पाहणाऱ्यांनी एवढं वाचावंच.

२०२३ मध्ये अमेरिकेने ‘वाउस्ट’ ही कॅप्सूल मंजूर केली: अँटिबायोटिकने जुलाब आटोक्यात आल्यावर, ते उलटू नयेत म्हणून रोज चार, तीन दिवस. ती बनवताना विष्ठेवर अल्कोहोलची प्रक्रिया होते आणि उपयोगी जिवाणूंचे बीजाणू तेवढे शिल्लक राहतात. डिफिसीलचे बीजाणूही अल्कोहोलला बधत नाहीत, म्हणून दात्यांना आधी चाळणी लावावी लागते. आणि म्हणूनच अशा रुग्णाजवळून उठल्यावर सॅनिटायझर पुरत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात.