जामखेडच्या बाया आणि आपल्या आशाताई

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आशाताईंच्या पैशाचा विषय निघाला. एक काकू म्हणाल्या, "सेवेचं काम हाय न बाई, मंग पैशाचं काय घेऊन बसली?" आशाताई काही बोलल्या नाहीत, रजिस्टर बंद करून बसल्या. उत्तर आम्हालाही सुचले नाही. म्हणून आज आशाताईंचे हे काम आले कुठून, ते सांगतो. त्यात देवाधर्माचा भाग आहे आणि सरकारी धोरणाचाही.

बाईच्या हाती शिक्षण आणि औषध द्या, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. पंडिता रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिकलेल्या बायाच हव्यात, आणि बायांना डॉक्टरकीही शिकू द्या, कारण बाईडॉक्टर नाही म्हणून बाया मरतात, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

ख्रिस्ती लोकांनी दवाखाने पुष्कळ काढले. मिरजेचा डॉ. वॉन्लेस यांचा दवाखाना १८९४ चा. पण पुढे त्यांच्यातच वाद उभा राहिला. येशूने आजाऱ्यांना बरे केले, ते काम पुढे न्यायचे तर मोठी इमारत बांधून रोग्याची वाट पाहत बसायचे का? पोहोचला त्याला औषध, आणि जो पोहोचूच शकत नाही त्याचे काय? १९६४ साली जर्मनीत ट्यूबिंगन गावी यावर बैठक झाली. बरे करणे हे एकट्या डॉक्टरचे नाही, सगळ्या मंडळीचे काम आहे, असा विचार तिथून पुढे आला. १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने त्यासाठी जिनिव्हाला ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला.

हा विचार गावात कसा दिसतो, ते बघायला जामखेडला जावे लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती नवराबायको, दोघेही वेल्लोरला शिकलेले. १९७० साली ते नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) या दुष्काळी तालुक्यात आले. लोकांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. मग दवाखान्याबरोबर हातपंपाचेही काम सुरू झाले, आणि पंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले. पाणी पाहिजे तर सगळ्यांना तिकडे जाणे आलेच! जातीवर भाषण देण्यापेक्षा हे आम्हाला जास्त पटते.

सुरुवातीला आरोळ्यांनी गावोगावी नर्स पाठवल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकटी नर्स राहणार कशी, आणि बाया तिचे ऐकणार कशा? तेव्हा गावातलीच बाई निवडून शिकवायचे ठरले. या बायांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत. हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात धोका कसा ओळखायचा, हे शिकून गावात परत जात. वही नाही म्हणून सगळे डोक्यात ठेवत. आमच्या बैठकीत कोणी "आमी अंगठेवाल्या, आमाले काय समजते" म्हणाली, की आम्ही याच बायांचे उदाहरण देतो.

ख्रिस्ती आयोगाने हे काम जागतिक आरोग्य संघटनेपुढे नेले. १९७५ साली त्या संघटनेने देशोदेशीच्या अशा प्रयत्नांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात अनेक देशांच्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे या. चीनमध्येही गावचेच आरोग्यसेवक होते, त्यामुळे सगळे श्रेय जामखेडला देता येणार नाही. आपल्या सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये २००२ साली मितानिन सुरू झाल्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून आशा. हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात पाड्यांची अडचण पाहून त्याहून कमी लोकांमागेही.

मात्र एक फरक आहे. जामखेडच्या बायांनाही पगार नव्हता. पण त्यांचे काम गावाने आणि त्यांनी मिळून ठरवले होते, आणि पोटासाठी छोटा धंदा करायला त्यांना मदत मिळत होती. आशाताईंचे काम वरून ठरते. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, रजिस्टर, आता मोबाईलवरची माहितीही. तरी कागदावर त्या स्वयंसेविका, आणि काही पैसे कामागणिक. म्हणूनच २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. आमचे मत स्पष्ट आहे: सेवा ज्याची त्याने मनाने करायची असते. दुसऱ्याच्या सेवेवर सरकारने योजना चालवायची आणि मोबदला मागितला की सेवेची आठवण द्यायची, हे बरोबर नाही. ख्रिस्ती माणसे हे काम श्रद्धेने करत होती. सरकारला ते कर्तव्य म्हणून करायचे आहे.

पुढच्या बैठकीत त्या काकूंनाच आशाताईंसोबत एक दिवस फिरायला पाठवायचे ठरले आहे. काकू तयार आहेत. फक्त धानाची रोवणी आटोपू द्या म्हणाल्या.