दूरदर्शनचं १९८८ : एका प्रेक्षकाची क्रमवारी

भारतीय दूरचित्रवाणीचं सर्वोत्तम वर्ष कोणतं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : १९८८. जानेवारीत 'तमस', ऑक्टोबरात 'महाभारत', नोव्हेंबरात 'भारत एक खोज', आणि त्याच वर्षात 'मिर्झा गालिब' आणि 'वागले की दुनिया'. हे सगळं एकट्या दूरदर्शनवर, बारा महिन्यांच्या आत. शिवाय त्या पंधरा ऑगस्टला 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं आणि भीमसेनजींचा भैरवीतला स्वर घराघरांत गेला. ते मालिका नव्हे, म्हणून त्याला यादीबाहेर ठेवताना माझ्या जिवावर येतं.

आमच्या मित्रमंडळात दर दिवाळीला सरत्या वर्षातल्या आवडत्या मालिकांची क्रमवारी लावायची पद्धत आहे. यंदा मी चालू वर्ष बाजूला ठेवून १९८८ निवडलं आणि पावसाळाभर त्या मालिका पुन्हा पाहिल्या. नियम दोनच केले. मालिका त्या वर्षी सुरू झालेली हवी, मग पुढे कितीही चालो. यात 'रामायण' बाद झालं, कारण ते १९८७च्या जानेवारीतलं. आणि लोकप्रियता मोजायची नाही. आज पुन्हा पाहताना काही नवं हाती लागतं का, तेवढंच बघायचं.

पार्श्वभूमी दोन ओळींत सांगतो. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला दूरचित्रवाणी आली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी रंग आला, ७ जुलै १९८४ला 'हम लोग'ने मालिकांचं युग सुरू केलं. चित्रपटातल्या मोठ्या दिग्दर्शकांनाही मग हळूहळू छोट्या पडद्याची ताकद कळत गेली.

पाचवा क्रमांक 'महाभारत'ला दिला की आमच्याकडे दरवेळी आवाज चढतात. पण मी ठाम आहे. बी. आर. चोप्रांनी संवाद राही मासूम रझांकडे सोपवले, ही त्या काळातली मोठी आणि धाडसी निवड होती. 'समय'ला सूत्रधार करून हरीश भिमानींच्या आवाजात कथा सांगण्याची कल्पना तर आजही थक्क करते. काळच बोलतो आहे म्हटल्यावर कोणत्याही पात्राची बाजू घेण्याची गरज उरत नाही. मुकेश खन्नांच्या भीष्माच्या प्रतिज्ञेपर्यंतचा भाग मला सर्वांत बांधीव वाटतो. पुढे मात्र दागिने, मुकुट आणि चेहऱ्यावर वारंवार येऊन थांबणारा कॅमेरा यांचं ओझं वाढत जातं. ९४ भागांच्या या मालिकेचे संवाद नुसते कानांनी ऐकावेत, इतके ते चांगले आहेत.

चौथा 'मिर्झा गालिब'. गुलजारांचं लेखन-दिग्दर्शन, जगजीत सिंग यांचं संगीत आणि नसीरुद्दीन शाह. दिल्लीला गेलो तेव्हा बल्लीमारानमधल्या गली कासिम जानमध्ये मुद्दाम गेलो होतो. दुकानांच्या गर्दीत गालिबच्या हवेलीचा थोडासाच भाग उरला आहे, आणि तिथे उभं राहिल्यावर नसीरचं ते किंचित वाकून, कर्जाचं ओझं अंगावर वागवत चालणं किती खरं होतं हे कळतं. उमराव बेगम झालेल्या तन्वी आझमी या आपल्या उषा किरण यांच्या कन्या. नवऱ्याचं मोठेपण ओळखूनही त्याच्या सवयींनी थकलेली बायको त्यांनी फार कमी शब्दांत उभी केली आहे. गझला ऐकण्याच्या नादात बहुतेकांचं या भूमिकेकडे दुर्लक्ष होतं.

तिसऱ्या क्रमांकावर 'वागले की दुनिया'. तिची निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची, मूळ कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन 'जाने भी दो यारो'वाल्या कुंदन शाह यांचं. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' आयुष्यभर एक शब्द बोलला नाही. वरळी सीफेसवर त्याचा पुतळा आहे, तिथेही तो समुद्राकडच्या वाऱ्यात गप्पच उभा असतो. त्या गप्प माणसाला जे बोलायचं होतं ते अंजन श्रीवास्तव यांच्या वागळ्यांनी बोलून दाखवलं, असं मी मानतो. आणि भारती आचरेकरांची राधिका! स्वयंपाकघरातून बोलता बोलता नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाला व्यवहाराची बाजू जोडून देणारी अशी गृहिणी हिंदी पडद्यावर त्याआधी मी पाहिली नव्हती. या मालिकेत कुणी दुष्ट नाही. अडचण असते ती रांगेची, पाहुण्यांची, महिनाअखेरीची. २०२१मध्ये सुमीत राघवनला घेऊन वागळ्यांची पुढची पिढी पडद्यावर आली, यावरून त्या घराची मुळं किती खोल गेली आहेत ते दिसतं.

'तमस' दुसरा, आणि अगदी थोडक्यात दुसरा. भीष्म साहनींची ही कादंबरी १९४७च्या रावळपिंडी भागातल्या दंगलींवरची, पण तिची ठिणगी पडली आपल्या भिवंडीत. १९७०च्या दंगलीनंतर साहनी तिथे गेले होते. विणकरांच्या ओसाड वस्तीतली शांतता पाहून त्यांना रावळपिंडीची आठवण उफाळून आली, आणि १९७४मध्ये 'तमस' प्रसिद्ध झाली. गोविंद निहलानींनी ती पडद्यावर आणताना खुद्द साहनींना हरनामसिंगच्या भूमिकेत उभं केलं. दीना पाठक त्यांच्या बायकोच्या, बंतोच्या भूमिकेत. घर सोडून रात्रीच्या अंधारात चालत निघालेलं ते म्हातारं जोडपं पाहताना मला आजही टीव्ही बंद करावासा वाटतो, आणि करवत नाही. सुरेखा सिकरींना यातल्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'तमस'च्या खटल्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. मालिका सुरू असतानाच ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि प्रसारणावर स्थगिती आली. मग न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली आणि ती दाखवायला मोकळीक दिली. जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरीन मृत्यूंची चौकशी करणारे ते हेच लेंटिन. फेब्रुवारी १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विरोधातली याचिका फेटाळली. त्या निकालाचा आधार नागपूरचा होता! स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सांगून ठेवलं होतं की, शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजावा. जिथे तिथे धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. प्रेक्षकाला असं मोठं माणूस समजणारा निकाल आणि अशी मालिका एकाच वर्षात यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पहिला क्रमांक. 'भारत एक खोज', श्याम बेनेगल, ५३ भाग.

या मालिकेचं माझं वेड अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यापाशी सुरू होतं. ९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना तिथे आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. ही मालिका ज्यावर बेतली आहे, तो 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत तिथेच लिहिला. आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही तिथलीच. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांच्या खोल्या ओळीने जपून ठेवल्या आहेत. नेहरूंनी लिहिलं आहे की, बागकामासाठी माती खणताना त्यांना जुन्या भिंती आणि गाडल्या गेलेल्या घुमटांचे माथे लागत. चांदबीबीचा तो किल्ला. जमिनीखाली निजामशाही आणि वर विसाव्या शतकातला कैदी. त्या अंगणात उभं राहिलं की ग्रंथ इथेच का सुचला ते पटतं.

बेनेगलांनीही तसंच खणलं. शमा झैदी आणि अतुल तिवारी यांच्यासह त्यांनी जी संहिता उभी केली, तिची खुबी मला दुसऱ्या-तिसऱ्या पाहण्यात उमगली : ज्या काळाची गोष्ट, त्या काळाचं साहित्यच ती सांगतं. गुप्तकाळ आला की कालिदासाचं 'शाकुंतल', दक्षिणेकडे वळलं की 'शिलप्पदिकारम', दिल्लीच्या सुलतानांच्या वेळी 'पृथ्वीराज रासो' आणि 'पद्मावत'. महाभारत येतं तेव्हा तीजनबाईंची पंडवानी. एका बाजूला रोशन सेठ यांचे नेहरू प्रश्न विचारतात, दुसरीकडून ओम पुरींचा आवाज पुरावे मांडतो, आणि मधल्या जागेत नाटक घडतं. तिघांचं नेहमी एकमत होतंच असं नाही. इतिहास सांगताना असा मोकळा वाद पडद्यावर ठेवायला धैर्य लागतं.

त्यात नटही तेच तेच. ओम पुरी दुर्योधन होतात, अशोक होतात, अल्लाउद्दीन आणि औरंगजेबही होतात. सलीम घौस राम, कृष्ण आणि टिपू सुलतान. गोरेगावच्या चित्रनगरीत नितीश रॉय यांनी उभारलेल्या देखाव्यांत हे सगळं चित्रित झालं, आणि कॅमेरा होता गुरुदत्तांच्या व्ही. के. मूर्तींचा. पैसे वाचवायला नट पुन्हा वापरले असं कुणी म्हणेल. माझ्या मते यामुळेच पाच हजार वर्षं एका नाटक मंडळीच्या हातात आल्यासारखी एकसंध होतात. नसीरुद्दीन शाह यांचा शिवाजी आणि समोर ओम पुरींचा औरंगजेब, हे भाग मी किती वेळा पाहिले असतील!

शीर्षकसंगीताबद्दल लिहायला तर वेगळा लेख हवा. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, विश्व होण्याआधी काय होतं असं विचारणारं. वनराज भाटियांनी ते समूहस्वरांत बांधलं. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेला हा मुंबईचा संगीतकार. 'तमस'चं संगीतही त्यांचंच आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही. संस्कृत ऋचांनंतर येणारं हिंदी रूप आहे वसंत देव यांचं. 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेणारे, 'सारांश'च्या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे, 'उत्सव'ची गाणी लिहिणारे वसंत देव. सृष्टीच्या उगमाविषयीची शंका त्यांनी अशा साध्या हिंदीत आणली की शाळकरी पोरं ती पाठ म्हणत. या माणसाचं नाव मराठीत फार कमी घेतलं जातं, याची मला मनापासून खंत आहे.

आणि महात्मा फुल्यांचा भाग. मूळ ग्रंथात ज्या धारेला फारशी जागा नाही, तिला बेनेगलांनी स्वतंत्र भाग दिला, ही माझ्या लेखी मालिकेची सर्वांत मोठी कमाई. भूमिका सदाशिव अमरापूरकरांची. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी लोकांच्या डोक्यात ताजा असताना त्यांच्या हाती जोतीराव सोपवणं ही मोठी निवड होती. नगरचाच हा नट, ज्या गावच्या किल्ल्यात ग्रंथ लिहिला गेला त्या गावचा. १८४८ची मुलींची शाळा, घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणं, १८७३चा सत्यशोधक समाज, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. अमरापूरकरांचे जोतीराव पाहिल्यावर ते विसरणं शक्य नाही. त्यांच्या चेहऱ्यावर संताप आहे, पण आवाज चढत नाही. पुण्याच्या गंज पेठेतल्या फुलेवाड्यात गेलो की मला त्यांचाच चेहरा दिसतो.

वाचकांना एक आग्रहाची विनंती. प्रसार भारतीने ही मालिका यूट्यूबवर उपलब्ध करून दिली आहे. पहिल्या भागापासून क्रमाने पाहायलाच हवं असं काही नाही, प्रत्येक विषय आपापल्या पायावर उभा आहे. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना शेजारी घ्या आणि आधी फुल्यांचा भाग लावा, मग शिवाजी महाराजांचे. त्यानंतर तुमची क्रमवारी माझ्यापेक्षा वेगळी निघाली, तर ती मला जरूर कळवा.