देवदर्शनाचं निमित्त

जुलैचा तो आठवडा अगदी नकोसा गेला. जालन्यात बियाणांचा धंदा मोठा, आणि मी अशाच एका कंपनीत हिशेब बघते. पेरण्या आटोपल्या की दुकानदारांकडून न खपलेल्या पिशव्या परत येऊ लागतात. पिशव्या आणि कागदावरचा आकडा जुळेपर्यंत डोकं जाग्यावर राहत नाही. घरी पोळ्या लाटतानाही फोन सुरूच. शुक्रवारी भाजीत मीठ घालायचं विसरले आणि कुणी काही बोलायच्या आधीच मला रडू फुटलं.

मैत्रिणीला फोन लावला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, "उद्या माझी सकाळची शाळा आहे. दुपारी स्टँडवर ये. लोणारला जाऊ, रविवारी परत."

पण घरी काय सांगायचं? लग्न नाही, बारसं नाही, दवाखाना नाही. "कमळजादेवीच्या दर्शनाला चाललेय," असं सांगून टाकलं. आत्याबाईंनी लगेच ओटीचं सामान बांधून दिलं. दहावीतली लेक नुसती बघत होती.

2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची धाकधूक नव्हती. वाटेत जिजाऊंचं सिंदखेडराजा लागलं. खिडकीतून हिरवीगार शेतं पळत होती. फोन मी पर्सच्या तळाशी टाकला होता. पुढं गाडी बदलून संध्याकाळी लोणारला पोचलो.

सरोवराच्या काठावर उभं राहिलं की आधी काही बोलवतच नाही. आकाशातून दगड आदळून काळ्या पाषाणात पडलेला हा खड्डा, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. 2020 च्या जूनमध्ये याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर चर्चा झाली होती. खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची ती करामत होती. आम्ही अंधार पडेपर्यंत नुसत्या बसून राहिलो. कुणाला चहा द्यायचा नव्हता, कुणाचा डबा भरायचा नव्हता.

सकाळी खाली उतरून देवीची ओटी भरली. मग मैत्रिणीनं माझ्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली, वर सरोवराच्या पाण्याचे चार थेंब टाकले. हळद लालभडक! "साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो ना, तसंच हे. पाण्यात क्षार आहेत," ती म्हणाली. मी लहान पोरीसारखी हसत सुटले. किती दिवसांनी!

वर चढताना ती हळूच म्हणाली, "एक विचारू? नुसतं फिरायला चाललेय, असं का नाही सांगितलंस? उद्या तुझी लेकही असंच कारण शोधेल."

ते मनाला लागलं. दर्शन झालं होतं, म्हणजे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

रात्री घरी आल्यावर प्रसाद ठेवला. लेकीनं विचारलं, "काय मागितलंस देवीला?"

"काही नाही गं. दर्शन घेतलं, पण खरं म्हणजे मी दमले होते म्हणून गेले होते. दोघी नुसत्या बसून आलो."

आत्याबाईंनी वर पाहिलं. "मग तसं सांगायचं. मी काय नको म्हटलं असतं?" क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हटलंही असतं कदाचित." आणि प्रसादाचं खोबरं फोडायला घेतलं.

सोमवारी त्याच पिशव्या, तेच फोन होते. आकडा बुधवारी जुळला. पण दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरलंय, आणि यावेळी घरात सगळ्यांना कारण माहीत आहे: फिरायला.

मैत्रिणींनो, देवाला जरूर जा. पण दमल्यावर दोन दिवस मोकळं बसायला दरवेळी देवाची साक्ष कशाला काढायची?